उघड्या दारावर टकटक

सरांनी कधी कोणाला बोटाने काही दाखवलेलं मी पाहिलं नाही. पंखा लाव म्हणायचं असलं की ते हनुवटी वर करायचे. पुस्तक वरच्या फळीवर असलं की अख्खा पंजा पसरून त्या दिशेला धरायचे, आशीर्वाद दिल्यासारखा. मग त्या पंज्यासमोरची सगळी पुस्तकं आपण एकेक करून उपसायची. ते पालिकेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता रिक्षा चालवतो, तो सांगायचा, "सर नकाशावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, या हाताखाली गोंदिया आहे, शोधा. मला अजून गोंदिया सापडलेलं नाही."

मला हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. कॉलेजात निबंध लिहिलेत, पण ओळखीच्या माणसावर कधी लिहिलं नाही. आणि सरांच्या बाबतीत तर त्यांचंच वाक्य आडवं येतं: "काय वाटलं ते नको. पाहिलंस काय ते सांग." म्हणून जमेल तेवढं पाहिलेलंच लिहिते.

मुंबईत असल्फ्याच्या डोंगरावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाची एक अभ्यासिका आहे. पत्र्याची खोली, बाकं, दोन ट्यूबलाईट, एक पंखा. सर ती सांभाळायचे. आमच्या घरात एक खोली आणि पाच माणसं. माझ्याआधी घरातलं कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बारावीला मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा दारातच उभी राहिले, कारण आत कोणाला विचारायचं ते कळेना. सर उठून आले आणि म्हणाले, "बस गो. इथे कोण कोणाला विचारत नाही, मी सोडून."

ते खरंच होतं. इतर कोणी विचारायचं नाही, सर मात्र सगळीकडे विचारायचे. कुठलंही दार असो, सताड उघडं असलं तरी ते चौकटीवर टकटक करायचे आणि थांबायचे. किराणा दुकानाला तर दारच नाही, तिथे फळीवर टकटक. एकदा माझ्या हॉल तिकिटाचा काही घोळ झाला म्हणून ते आमच्या घरी आले. आई दारातच भाजी निवडत बसली होती. दोघांत हातभर अंतर. तरी टकटक.

"अहो या की सर, दार उघडंच हाय."

"दिसतंय मला."

"मग या की!"

"तुम्ही या म्हणालात. आता येतो."

ते गेल्यावर आई म्हणाली, "येडं हाय का गं तुजं मास्तर?" पण त्या दिवसापासून ती त्यांना चहात दोन चमचे साखर जास्त घालायला लागली.

मे महिन्यात ते अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालायचे. मांजरांना अहोजाहो करायचे. लाल शाईचं पेन कोणाला वापरू द्यायचे नाहीत. या गोष्टींचं कारण मला शेवटपर्यंत कळलं नाही. लाईट गेली की ते मेणबत्ती लावायचे आणि ती टेबलावर न ठेवता खिडकीत, अगदी बाहेरून दिसेल अशी ठेवायचे. आम्ही ओरडायचो, "सर, इथे वाचता येत नाही!" ते म्हणायचे, "उजेड झाकून ठेवायचा नाही. लोकांना सरळ दिसू दे काय चाललंय."

बोटाचं मात्र मी एकदा विचारलं. ते हसले. म्हणाले, "आमच्याकडे मालवणात वेलीवरच्या कोवळ्या तवशाला बोट दाखवत नाहीत. तवसं म्हणजे काकडी. आजी ओरडायची, बोट दाखव नको, तवसा कुसतला! कुसतला म्हणजे कुजेल."

"पण सर, इथे कुठे तवसं आहे?"

"सवय लागली ती लागली."

मला ते पटलं. गावाकडची माणसं अशी असतात असं वाटलं. आता वाटतं, त्या उत्तरात खोटं काही नव्हतं, फक्त ते अर्धं होतं.

बारावी पास झाले तेव्हा मी आधी घरी न जाता पेढे घेऊन अभ्यासिकेत गेले. सरांनी दोन्ही हात पुढे करून पेढा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले. पण पेढा खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मला वाईट वाटलं. आमच्या घरचं पाणीही कोणी प्यायचं नाही, हे आईने लहानपणी खूप पाहिलंय. ते सगळं माझ्याही मनात कुठेतरी असतं. सरांना ते कळलं असणार. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून आमच्याकडे आले, टकटक केली, आईला म्हणाले, "वहिनी, भाकरी असली तर द्या." आणि बसून आमच्या ताटात भाकरी आणि ठेचा खाल्ला, घाम पुसत पुसत. जाताना मला म्हणाले, "पेढा मी कोणाचाच खात नाही गो. तुझा म्हणून खाल्ला नाही, असं नाही."

"काय वाटलं ते नको" हे वाक्य आम्ही रोज ऐकायचो. निलेश नावाचा एक मुलगा एकदा तणतणत आला. "सर, माझा चार्जर ढापला त्याने. मी पाहिलं."

"घेताना पाहिलंस?"

"नाही, पण तोच बसला होता ना तिथे."

"म्हणजे बसलेला पाहिलास."

"सर, यार, समजून घ्या ना!"

"समजून नंतर घेऊ. पाहिलंस काय?"

चार्जर निलेशच्या घरी सापडला. पण नसता सापडला तरी सरांनी हेच विचारलं असतं.

गेल्या मे महिन्यात सीमेवर ती चार दिवसांची लढाई झाली, तेव्हाची गोष्ट. माझी परीक्षा चालू होती आणि माझी बहीण साक्षी सुट्टीत होती. ती तेव्हा पाचवीतून सहावीत गेली होती. गल्लीतली सगळी पोरं दिवसभर मोबाईलला चिकटलेली. कुठले खरे, कुठले खोटे व्हिडिओ, स्फोट, विमानं, गाणी. साक्षी घरात येऊन सांगायची, "ताई, वाट लागली त्यांची! झकास उडवलं!" तिच्या चेहऱ्यावर गणपतीतल्यासारखा आनंद असायचा. मीही काही बोलायचे नाही. टीव्हीवर मोठी माणसंसुद्धा तशीच बोलत होती.

मग हवाई हल्ल्याच्या भोंग्याची सरकारी तालीम झाली आणि आमच्या मंडळाच्या पोरांनी हौसेने ठरवलं की संध्याकाळी आपल्या डोंगरावरही थोडा वेळ सगळे लाईट बंद करायचे. पोरांना तर जत्राच मिळाली. साक्षी आणि तिच्या मैत्रिणी गल्लीभर पळत ओरडत होत्या, "ए काकू, लाईट बंद कर! ए, बल्ब दिसतोय!" सरांनी अभ्यासिकेचे दिवे बंद केले, मेणबत्ती लावली नाही, आणि दाराबाहेर पायरीवर येऊन बसले. मी शेजारी बसले. त्यांचा पाय हलत होता.

"सर, बरं वाटत नाहीये का?"

"ही पोरं ओरडतायत ना, त्यात माझा आवाज ऐकू येतोय," ते म्हणाले. मला काही समजलं नाही.

तेवढ्यात साक्षी धावत आली. तिच्या हातात आईचा मोबाईल होता आणि मागे मंडळाचे चार-पाच जण. ती धापा टाकत होती. "दादा, खरंच! मी व्हिडिओ काढलाय. वर कोणीतरी लाईट मारतंय. लागते, जाते, लागते, जाते. सिग्नल देतोय तो!"

"कुठे गं? दाखव," मंडळातला एक जण म्हणाला. त्याच्या हातात झेंड्याची काठी होती. मुद्दाम आणली नव्हती, तिथेच पडलेली उचलली होती. पण हातात होती.

साक्षीने हात उचलला. बोट पुढे झालं, आणि सरांनी ते आपल्या मुठीत धरलं. ते कधी उठले, मला दिसलं नाही. तिचं बोट त्यांनी नुसतं धरून ठेवलं, लहान पोराचं रस्ता ओलांडताना धरतात तसं.

"काय पाहिलंस?"

"सिग्नल, सर."

"ते वाटलं. पाहिलंस काय?"

साक्षी गोंधळली. "लाईट. लागत होती... आणि जात होती."

"बस्स. एवढंच पाहिलंस. आता मी जातो."

"सर, तुम्ही कुठे जाता? आम्ही बघतो ना," काठीवाला म्हणाला.

"तुम्ही माझ्या मागून या. पुढे नाही."

आमच्या डोंगराच्या पायऱ्या तरुणांनाही चढवत नाहीत. सर एक हात भिंतीला लावून चढले. आम्ही सगळे मागे. कोणीतरी हसलं, कोणीतरी म्हणालं, "सर, तोपर्यंत अतिरेकी पळून जाईल ना!" सर थांबले नाहीत. वरच्या टोकाला एका खोलीच्या छतावर काळी टाकी आहे, तिथे उजेड हलत होता. टाकीपाशी दार कुठलं? सरांनी लोखंडी शिडीवर टकटक केली आणि उभे राहिले.

"कोण आहे भाऊ? आम्ही वर यायचं का?"

वरून एक मुलगा वाकला. कुरियरची पाकिटं वाटायचं काम करायचा, दोन महिन्यांपूर्वीच भाड्याने राहायला आला होता. तोंडात मोबाईल धरलेला, टॉर्च चालू. तो तोंडातून काढत म्हणाला, "क्या हुआ अंकल? पानी का टाइम है ना, चढ़ा कि नहीं देख रहा था."

आमच्याकडे पाणी त्याच वेळेला येतं. त्या दिवशीही आलं होतं. पाणी काही युद्धासाठी थांबत नाही. तो वाकून टाकीत बघायचा तेव्हा उजेड जायचा, मान वर केली की दिसायचा.

सगळे हसले. काठीवाल्याने त्याच्या पाठीत एक थाप मारली, जरा जास्तच जोरात. "अरे भाई, आज लाईट मत मार ना!" तोही हसला. सर हसले नाहीत. शिडीला धरून उभे होते.

मला वाटलं, संपलं. पण व्हिडिओ साक्षीने आधीच गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो खाली गेला, बाजारात, नाक्यावर, कुठे कुठे. कोणीतरी त्यात त्या मुलाचा फोटो जोडला आणि वर लाल अक्षरात काहीतरी लिहिलं. दोन दिवसांनी साकीनाक्याला पाकीट द्यायला गेला असताना त्याला तीन माणसांनी अडवलं आणि नाव, गाव विचारलं. मारलं नाही, असं तो म्हणाला. फक्त अडवलं. त्याच आठवड्यात त्याने खोली सोडली. तो गादी डोक्यावर घेऊन उतरत होता, तेव्हा साक्षी समोर आली. तिने सांगितलं, "भैया, मैंने डिलीट किया." तो म्हणाला, "तेरे पास से किया ना, बेटा. बाकी सबके पास हूँ मैं." रागावून नाही म्हणाला.

साक्षी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी माझ्याबरोबर अभ्यासिकेत आली आणि सरांसमोर उभी राहिली. "सर, तो का गेला? आपण तर त्याला काहीच केलं नाही ना?"

सरांनी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. मी अजून विचार करते, इतक्या लहान मुलीला हे सांगायला हवं होतं का. पण मोठ्यांना सांगून काही उपयोग होत नाही, असं त्यांना वाटलं असेल.

एकाहत्तरच्या युद्धात सर चौथीत होते. याच डोंगरावर, बैठ्या चाळीत. वडील गिरणीत. तेव्हा मुंबईत खरोखरचा अंधार करत. काचांना खाकी कागद, कंदिलावर कापड, भोंगा झाला की सगळं काळं. "आम्हा पोरांना मजा," सर म्हणाले. "तुझ्यासारखीच. ज्याच्या घरातून उजेड दिसेल त्याच्या नावाने बोंबलायचं. मोठी माणसं आमचं ऐकायची. कधी नव्हे ते ऐकायची."

चाळीच्या शेवटच्या खोलीत एक माणूस एकटा राहायचा. नवीन होता, कोकणातलाच. गावाहून आला तेव्हा त्याने पोरांना जत्रेतलं खाजं वाटलं होतं. नाव कोणाला माहीत नव्हतं, सगळे 'शेवटच्या खोलीवाला' म्हणायचे. एका संध्याकाळी भोंगा झाल्यावर सरांना त्याच्या झरोक्यातून उजेड दिसला. सरळ नाही, बारीक बारीक ठिपके. मग एकदम मोठा उजेड. मग परत ठिपके. दुसऱ्या दिवशीही तसंच. सरांनी जाऊन पहारा देणाऱ्या माणसांना सांगितलं, हेर आहे, खुणा करतोय. त्यांनी विचारलं, कुठे?

"मी बोट दाखवलं," सर म्हणाले.

माणसं धावली. दार लाथेने उघडलं. आत काहीतरी उलथलं आणि एकदम काळोख झाला. काळोखातच मारलं. तो ओरडला नाही. फक्त एकच म्हणत राहिला, "दिवो विझलो रे. दिवो विझलो." कोणीतरी बॅटरी लावली तेव्हा दिसलं. जमिनीवर पीठ पसरलेलं, बाजूला टोपली लोळत होती, सांडलेलं तेल.

साक्षी माझ्याकडे बघायला लागली. आमच्यात हे नसतं, त्यामुळे मलाही माहीत नव्हतं. सर म्हणाले, "माणूस गेलं की त्याच्यासाठी दहा दिवस दिवा ठेवतात गो. खाली पीठ, वर टोपली पालथी. विझू द्यायचा नसतो. त्याची आई तिकडे गावी वारली होती. युद्धामुळे कारखान्यात रजा बंद होती, तो जाऊ शकला नाही. म्हणून इथेच दिवा ठेवला. झाकून ठेवला होता बिचाऱ्याने. तेल घालायला टोपली उचलायचा, तो मोठा उजेड. ठिपके म्हणजे टोपलीच्या भोकांतले."

"त्याने सांगितलं का नाही कोणाला?" साक्षीने विचारलं.

"आम्ही विचारलं कुठे? दार वाजवलं असतं तर सांगितलं असतं त्याने."

गेलेल्या माणसाचं पाऊल त्या पिठात उमटतं असं म्हणतात, लोक टोपली उचलून बघतात. सर म्हणाले, "त्या पिठात आमच्याच चपला उमटल्या होत्या. माझीपण. मी पुढे घुसलो होतो बघायला." कोणी माफी मागितली नाही. एकेक जण गप्प घरी गेला. सकाळी ती खोली रिकामी होती. वडील म्हणाले, तू लहान आहेस, तुझी काय चूक. आणि थोड्याच दिवसांत युद्ध जिंकल्याची बातमी आली. चाळीत पेढे वाटले. त्या पहारेवाल्यांतल्याच एकाने सरांच्या हातावर पेढा ठेवला आणि पाठ थोपटली, शाब्बास, म्हणाला.

साक्षी उठली आणि त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिली. तिने विचारलं, "मग तुम्ही त्याला शोधलं?"

"नावच माहीत नव्हतं गो."

दिवाळीनंतर सर गेले. झोपेतच. त्यांच्या खोलीत त्यांची थोरली बहीण असायची, तिला सगळे माई म्हणतात. आई म्हणाली, "जाऊन ये, दारात तरी उभी राहा." मी निघाले तर साक्षीही चप्पल घालून तयार. मे महिन्यानंतर ती गल्लीत फार खेळत नाही. मोबाईल मागत नाही. शहाणी झाली, असं आई सगळ्यांना कौतुकाने सांगते. मला ते ऐकवत नाही.

अंधारून आलं होतं. सरांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत माई भिंतीला टेकून बसली होती आणि कोपऱ्यात जमिनीवर एक टोपली पालथी होती, तिच्या भोकांतून उजेडाचे ठिपके भिंतीवर पडले होते. मी तशीच आत जाणार होते. साक्षीने माझा हात धरून मला थांबवलं, चौकटीवर टकटक केली आणि उभी राहिली.

"कोण गो? ये, उघडाच आसा," माई म्हणाली.

"तुम्ही या म्हणालात. आता येतो," साक्षी म्हणाली.

माईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. जरा वेळाने ती म्हणाली की गुडघे दुखतात, सारखं उठवत नाही, आणि दिव्यात तेल घालायची वेळ झालीय. साक्षीने विचारलं, "मी घालू? आमच्यात नसतं. चालेल?"

"त्याका चलतला," माई म्हणाली.

आत जागा थोडी होती म्हणून मी बाहेर पायरीवर आले. खाली मेट्रो जात होती, वर पोरं कुणाच्या तरी नावाने ओरडत होती. मी सरांच्या खिडकीकडे पाहत होते. भिंतीवर बारीक ठिपके हलत होते. मग एकदम मोठा उजेड झाला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि परत ठिपके झाले.